सात की साठ : मुलुंडच्या हॉलमधलं होम थिएटर कपाट

दादाच्या मुलुंडच्या घरातलं टीव्ही युनिट तोडून नवीन बांधलं, त्याची ही सगळी हकीकत लिहितोय, कारण हॉलमध्ये स्पीकर "कपाटात बसवून" घेणाऱ्या बहुतेक घरांत मला तीच चूक दिसते आणि ती झाकायला मग लोक आवाज वाढवत बसतात.

सुरुवात आईपासून झाली. आई ७४ वर्षांची. संध्याकाळी सह्याद्रीवरच्या बातम्या आणि नंतर दोन मालिका, एवढाच तिचा टीव्ही. पण दर दोन मिनिटांनी "काय म्हणाला रे?" चालू असायचं, आणि आवाज वाढवला की बॅकग्राउंडचं संगीत अंगावर यायचं, शब्द मात्र तिथेच. वहिनीला वाटलं आईला ऐकू कमी येतंय. तपासणी करून आणली, वयाप्रमाणे वरच्या पट्टीतलं ऐकणं थोडं कमी झालंय एवढंच निघालं, समोरासमोर बोललेलं तिला व्यवस्थित कळतं. मग एक दिवस बातम्यांत कसलातरी आकडा सांगितला, आई म्हणाली सात, दादा म्हणाला साठ, आणि मला स्वतःलाच सांगता येईना की नक्की काय होतं ते. तिथे माझ्या लक्षात आलं की प्रश्न आईच्या कानाचा नाही, कपाटाचा आहे.

हॉल १६ फूट बाय १० फूट, टीव्ही लांब भिंतीवर, सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला, म्हणजे टीव्हीपासून कान साधारण साडेसात फुटांवर. टीव्ही ५५ इंची. ४ वर्षांपूर्वी इंटिरियर करून घेतलं तेव्हा कॉन्ट्रॅक्टरने ८ फुटांचं युनिट केलं आणि दादाचे चांगले बुकशेल्फ स्पीकर दोन खणांत आत ढकलून त्यांच्यापुढे उभ्या पट्ट्यांची फ्लूटेड शटरं लावली. दिसायला सुंदर होतं, पाहुणे विचारायचे कुणी केलं म्हणून. सेंटर स्पीकर, म्हणजे टीव्हीच्या मधोमध ठेवायचा तिसरा, नव्हताच, आणि डायलॉग तर बहुतेक सेंटरमधूनच यायला हवा.

मी मोजणीचा मायक्रोफोन घेऊन गेलो आणि आईच्या जागेवर, तिच्या कानाच्या उंचीला ठेवून आरईडब्ल्यू या फुकट सॉफ्टवेअरमधून स्वीप (खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत चढत जाणारा आवाज) लावून ग्राफ काढले. तीन गोष्टी स्पष्ट दिसल्या. ५६ हर्ट्झला (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कंपनं, आकडा लहान तितका सूर खालचा) मोठा उंचवटा, तो खोलीचा आहे, १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला दुप्पट अंतराने भागा, ५६ येतात, आणि भिंतीला टेकून बसलं की तो सगळ्यात जास्त ऐकू येतो. दुसरा उंचवटा ६४० च्या आसपास. आणि २००० पासून पुढे ग्राफ पायऱ्या उतरल्यासारखा खाली, मध्ये मध्ये खड्डे. मराठीतली त, ठ, स, श, च, क ही व्यंजनं ओळखायला कानाला जी माहिती लागते ती बरीचशी २००० ते ४००० हर्ट्झमध्ये असते. तीच आम्ही शटरमागे बंद करून ठेवली होती, आणि ज्या माणसाचं वरच्या पट्टीतलं ऐकणं आधीच थोडं कमी झालंय त्याला!

६४० चं कारण शोधायला टेप लावली. स्पीकरचं तोंड शटरपासून १२ सेंटीमीटर आत होतं. एका बाजूने बंद, एका बाजूने उघडी अशी १२ सेंटीमीटरची पोकळी स्वतःचा सूर धरते, हिशोबाने ७१५ हर्ट्झ, पण तोंडाशी हवा थोडी बाहेरपर्यंत हलते म्हणून प्रत्यक्षात खाली येतो. रिकाम्या पिंपात तोंड घालून बोललं की कसं होतं, अगदी तेच. त्यात स्पीकरचा पोर्ट (पेटीतली हवा जायचं भोक) मागच्या बाजूला, त्यातली हवा खणात कोंडलेली, बेस सगळा घुमतोय. अजून एक गोष्ट आहे जी फारशी कुणी सांगत नाही : मोकळ्या जागेत स्टँडवर ठेवायचा स्पीकर बनवताना कंपनी क्रॉसओव्हरमध्ये (खालचे सूर मोठ्या वूफरला आणि वरचे छोट्या ट्वीटरला वाटून देणारं सर्किट) खालच्या सुरांना थोडं झुकतं माप देते, कारण लहान पेटीवरून लांब लहरी मागे वळून जातात. तोच स्पीकर कपाटात घातला की मागे जायला वाटच नसते, मग ५०० च्या खालचं सगळंच थोड्या डेसिबलने फुगतं. पुरुषाचा आवाज घोगरा, जाडा वाटतो, आणि आपण म्हणतो स्पीकरमध्ये दम आहे.

फ्लूटेड पट्ट्यांबद्दल माझं मत ठाम आहे. १०,००० हर्ट्झची लहर साडेतीन सेंटीमीटरचीही नसते, आणि त्या पट्ट्या जवळपास २ सेंटीमीटर रुंदीच्या. ट्वीटरसमोर तसलं काहीही लावू नका, डिझायनर कितीही म्हणू दे.

तर ठरलं असं की टीव्हीची संपूर्ण भिंत एका पातळीत आणायची. खाली २० इंच उंच, १६ इंच खोल, ८ फूट लांब बसकं युनिट. वर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना १४ इंच रुंद खांब, आणि मधलं टीव्हीचं पॅनेलही खांबांच्याच पातळीत पुढे आणलेलं, म्हणजे स्पीकरचं तोंड, पॅनेल सगळं एकसारखं सपाट. डावा-उजवा स्पीकर खांबात, सेंटर खालच्या युनिटच्या मधोमध. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्पीकरची पेटी वेगळी, फर्निचर वेगळं. कपाटाच्या फळीलाच भोक पाडून स्पीकर आवळला की अख्खं ८ फुटांचं कपाट स्पीकर होतं, ड्रॉवर, शटर, टीव्हीचा ब्रॅकेट, सगळं गायला लागतं. आमचे सुतारकाका सावंतवाडीकडचे, ३० वर्षं मुंबईत काम करतायत, त्यांनी नकाशा बघितला आणि पहिला प्रश्न, "कपाटात कपाट कित्याक?" त्यांना जुन्या युनिटवर हात ठेवायला सांगितलं आणि ६० हर्ट्झचा सूर लावला. हात ठेवल्या ठेवल्या म्हणाले, "समजलं, पुढे बोला."

पेटीचं माप अंदाजाने काढायचं नसतं. वूफरसोबत कागद येतो त्यावर तीन आकडे बघायचे. आमचा साडेसहा इंची वूफर, एफएस (वूफरचा स्वतःचा सूर) ४० हर्ट्झ, क्यूटीएस (तो सूर किती आवरला जातो त्याचा आकडा) ०.४०, व्हीएएस (वूफरच्या लवचीकपणाइतकीच लवचीक हवा) २५ लिटर. हे आकडे वापरायची पद्धत नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या ऑस्ट्रेलियात काम केलेल्या दोघांनी १९६१ पासून ७० च्या दशकापर्यंत बसवून दिली, आज जगभर तीच चालते. बंद पेटीत बेस ना कोरडा ना घुमणारा हवा असेल तर पेटीसकट एकूण क्यू ०.७०७ च्या आसपास ठेवतात. ०.७०७ ला ०.४० ने भागा, वर्ग करा, ३.१२ आले, त्यातून १ वजा, २.१२, आणि २५ लिटरला त्याने भागा, साधारण १२ लिटर. पेटीतला नवा रेझोनन्स ७१ हर्ट्झ. रिसिव्हरमध्ये (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा ॲम्प्लिफायर) ८० ला कट देऊन त्याखालचं सबवूफरकडे पाठवायचं होतं, म्हणजे जुळलंच. पोर्टवाली पेटी मुद्दाम घेतली नाही, कपाटात पोर्टला श्वास घ्यायला जागा नसते आणि माप दोन सूत इकडेतिकडे झालं तर ट्यूनिंग हलतं.

खांब फार पुढे यायला नको म्हणून पेटी चपटी ठेवली, आतून २६ बाय ४४ बाय ११ सेंटीमीटर, म्हणजे साडेबारा लिटर, त्यातून वूफरचं मॅग्नेट आणि आतली आडवी पट्टी वजा केली की १२ उरतात. सेंटरची पेटी २६ बाय २७ बाय १८, तेवढेच लिटर, तोच वूफर, तोच ट्वीटर. सेंटर म्हणून बाजारात आडवे दोन वूफर आणि मधे ट्वीटर असे मिळतात, ते मी नको म्हटलं, कारण सोफ्याच्या कडेला बसणाऱ्याला दोन वूफरचं अंतर वेगवेगळं पडतं आणि काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात. आई कडेलाच बसते, खिडकीजवळ. आमच्या सेंटरला ट्वीटर वर, वूफर खाली, इतर दोघांसारखंच.

लाकडाबद्दल. स्पीकरवाले एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) घ्या म्हणतात आणि त्यात तथ्य आहे, एकसारखं घट्ट असतं, राउटरने कापायला लोण्यासारखं. पण मुलुंडला जून ते सप्टेंबर हवेत पाणी असतं आणि दादाची ही भिंत पश्चिमेची, दोन वर्षांपूर्वी तिला ओल आली होती. साधा एमडीएफ कडेने फुगतो आणि स्क्रू सुटतात. म्हणून पेट्या आणि सांगाडा १८ एमएम बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या) प्लायमध्ये, त्याच्या आयएस ७१० या मानकाचा शिक्का बघून घेतलेला, आणि तोंडाची फळी दुहेरी, आत प्लाय, बाहेर १८ एमएम एचडीएचएमआर (ओल सोसणारी घट्ट दाबलेली फळी), दोन्ही फेविकॉलने चिकटवून रात्रभर क्लॅम्पमध्ये. ३६ एमएमची फळी झाली, बोटाने टकटक केलं तर दगडावर केल्यासारखं. युनिट भिंतीला चिकटवलं नाही, २० एमएम मोकळी जागा सोडली, मागून हवा फिरते.

८ फुटी शीट लिफ्टमध्ये जात नव्हती म्हणून शीट दुकानातच कापून आणल्या. सोसायटीत ठोकाठोक सकाळी १० ते दीड आणि साडेतीन ते सहा, रविवारी बंद, त्यामुळे १२ दिवस लागले. काकांना वूफरचं भोक जिगसॉने कापायची सवय, मी राउटर आणि गोल कापायची पट्टी नेली होती. पहिलं भोक त्यांनी भंगारच्या तुकड्यावर पाडलं, वूफर घालून बघितला, बाहेर काढला, परत घातला, कडेवरून अंगठा फिरवला, आणि मग म्हणाले आता खऱ्यावर. ट्वीटरची कड फळीच्या पातळीत बसावी म्हणून ४ एमएमची खाच मारायची होती, ती त्यांनी राउटरने मारून शेवटचा केस पटाशीने काढला. असा हात असलेला माणूस मिळाला तर त्याला घाई करू नये, त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत.

सेंटर किती वर वळवायचा हे आम्ही सुतळीने ठरवलं. त्याचा ट्वीटर जमिनीपासून १७ इंचांवर, सोफ्यावर बसलेल्या आईचा कान ३८ इंचांवर. पण दुपारी ती खाली बसून भाजी निवडते तेव्हा कान २८ वर. दादाने सुतळीचं एक टोक ट्वीटरच्या जागी धरलं, दुसरं मी आईच्या कानाशी, आधी सोफ्यावर, मग खाली. सोफ्याला १३ अंश निघाले, खालच्याला ७. पेटी १० अंशांवर मागे झुकवली. आई म्हणाली, "माझ्या कानाचं माप घेऊन कपाट करतायत हो," आणि वहिनीला हाक मारून दाखवलं. खांबातले ट्वीटर ३८ इंचांवरच ठेवले.

पेटीत गादीवाल्याकडून आणलेला उशीत भरायचा पॉलिस्टर फायबर, प्रत्येकीत दीडशे ग्रॅम, पिंजून, दाबून नाही. सांध्यांना सिलिकॉन. इथे एक सावधगिरी, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसिड सोडतं, तांब्याला ते चांगलं नाही, त्यामुळे न्यूट्रल प्रकारचं घ्या आणि पूर्ण वाळल्यावरच स्पीकर बसवा.

मग हवाबंद आहे की नाही ते बघणं. वूफरचा कोन (शंकूसारखा पडदा) बोटांनी हलकेच आत दाबून सोडला की बंद पेटीत तो सावकाश परत येतो. डावीकडचा आणि सेंटरचा आला, उजवीकडचा पटकन आला. तेव्हा देवघरातली उदबत्ती आणली, ४० हर्ट्झचा सूर हळू लावला आणि उदबत्ती सांध्यासांध्याजवळून फिरवली. धूर सरळ वर जात होता, जात होता, आणि मागे वायर आत जाते त्या भोकापाशी आला तसा थरथरायला लागला. सुपारीएवढंही भोक नव्हतं, वायरच्या कडेला केसभर फट. सिलिकॉन भरलं, दुसऱ्या दिवशी धूर सरळ.

पेट्या कपाटाला स्क्रूने आवळल्या नाहीत. खाली आणि बाजूंना ६ एमएमचे निओप्रीन रबराचे तुकडे, पुढे ३ एमएमची फट, तीही निओप्रीनच्या पट्टीने भरलेली, त्यामुळे पेटी तिथे घट्ट बसते पण तिचा धक्का लाकडाला लागत नाही. तरीही पहिल्या दिवशी २० ते २०० चा स्वीप लावल्यावर ९२ हर्ट्झला कुठूनतरी झुं झुं. पाऊण तास शोधलं, समई उचलली, टीव्हीचा ब्रॅकेट दाबला, शेवटी वहिनीने ड्रॉवर अर्धा उघडला आणि आवाज थांबला. ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या चॅनेलची पत्र्याची पट्टी होती, फेल्टचा तुकडा लावला, गेलं.

पुढच्या कापडाची परीक्षा सोपी, दुकानात कापड तोंडाजवळ धरून फुंकर मारायची, पलीकडे हाताला फुंकर जशीच्या तशी लागली तर घ्या. दादरला तीन दुकानं फिरून पातळ पॉलिस्टरची जाळी मिळाली, पट्टीच्या चौकटीवर ताणून मॅग्नेटने लावली. रिसिव्हरच्या खणाला मात्र वेताची जाळी, कारण तिथून गरम हवाही जायला हवी आणि रिमोटही चालायला हवा. रिसिव्हरच्या वर ६ इंच मोकळे, खणाची मागची बाजू उघडी, आणि कॉम्प्युटरचे १२० एमएमचे दोन पंखे ९ व्होल्टवर, १२ व्होल्टचे पंखे ९ वर ऐकू येत नाहीत.

सबवूफर कपाटात घातला नाही. दादाला तो लपवायचा होता, त्यावर आमचं थोडं वाजलंसुद्धा, पण १० इंची सब कपाटात गेला की ही सगळी मेहनत वाया. शिवाय कपाटात गेला की त्याची जागा कायमची ठरते. आम्ही सब सोफ्यावर आईच्या जागी ठेवला, बेसवालं एक गाणं लावलं आणि भिंतीच्या कडेने गुडघ्यावर फिरत जिथे बेस सगळ्यात सारखा वाटला तिथे सब नेऊन ठेवला, बाल्कनीच्या दारापासून तीन फुटांवर. ५६ चा उंचवटा निम्म्याहून कमी झाला, उरलेला रिसिव्हरच्या करेक्शनने. या भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंची बेडरूम आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५, आणि बेस तर स्लॅबमधून चालत जातो, त्याला रबर काय करणार. म्हणून रिसिव्हरचा नाइट मोड १० वाजता लावायचाच, हे घरात ठरलंय.

क्रॉसओव्हर २५०० हर्ट्झला. कॉइल आणि कपॅसिटर लॅमिंग्टन रोडवरून आणले, वूफर आणि ट्वीटर खऱ्या फळीत बसवून मोजले आणि त्यावरून आकडे काढले. तयार क्रॉसओव्हर बोर्ड स्वस्त मिळतात पण ते कुठल्यातरी दुसऱ्याच स्पीकरसाठी असतात. आमचं तोंड भिंतीएवढ्या पॅनेलमध्ये सपाट बसलेलं असल्यामुळे ते खालचं झुकतं माप द्यावंच लागलं नाही, पुरुषाचा आवाज पुरुषाएवढाच येतो.

खर्च सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. प्लाय चार शीट, १२५ रुपये फुटाने १६,००० रुपये, एचडीएचएमआर काकांकडे उरलेला होता. सनमायका, कडपट्टी, फेविकॉल ७,५००. चॅनेल, बिजागऱ्या, निओप्रीन, कापड वगैरे ५,५००. तीन वूफर तीन ट्वीटर २१,०००, क्रॉसओव्हर ९,०००. काका १,५०० रोजाने आणि त्यांचा मदतनीस ९०० ने, १२ दिवसांचे २८,८००. एकूण ८७,८००. रिसिव्हर, सब, टीव्ही आधीचेच, जुने बुकशेल्फ मागे सराउंड म्हणून लावले आणि तिथे ते छान वाजतात.

नवीन मोजणीत ६४० चा उंचवटा नाही, आणि ३०० पासून १०,००० पर्यंत रेघ ३ डेसिबलच्या वरखाली आहे. पण मी बघत होतो रिमोटकडे. आधी बातम्यांना आकडा ४८ असायचा, आता ३१. चौथ्या की पाचव्या दिवशी दादा ऑफिसमधून आला, बूट काढता काढता बातमी ऐकली आणि म्हणाला सात जखमी, आणि आई वाटाणे सोलत खाली बसली होती ती मान वर न करता म्हणाली, "साठ. ठ म्हणाला तो." मी तिथेच होतो. मला फार बरं वाटलं.

हे सगळं मार्चमधलं. पावसाळा गेल्यावर ऑक्टोबरमध्ये काकांना घेऊन परत गेलो, कापडाच्या चौकटी काढल्या, वूफरचे स्क्रू तपासले, उजव्या खांबातले दोन अर्धा आटा ढिले होते, आवळले. मागे हात घालून भिंत बघितली, एका कोपऱ्यात ओल होती, प्लाय कोरडा. उदबत्ती परत फिरवली. सेंटरच्या कापडावर हळदीचा डाग होता, आईने ते चौकटीसकट धुवून वाळत घातलं.